टीव्हीतले पाटील सर

टीव्हीतले पाटील सर माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात, हे मला आठवी ब मधल्या रक्षाने तोंडावर सांगितलं. तिचा काही दोष नाही. मीच विचारलं होतं.

आता टीव्हीतले पाटील सर म्हणजे मीच. नाव तेच, नवनीत पाटील. चष्मा तोच, मिशी तीच, विषय गणितच. तरीही त्या मुलीच्या बोलण्यात इतका ठामपणा होता की क्षणभर मलाही वाटलं, कोण बुवा हे पाटील सर, एकदा भेटलं पाहिजे यांना.

झालं असं की आम्हा शिक्षकांसाठी नंदुरबारला एक प्रशिक्षण निघालं. विषय होता, 'वर्गाध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर'. प्रशिक्षणं नेहमी समीकरणांच्या धड्याच्या मध्यावरच येतात, यामागे कोणाचा तरी अभ्यास असणार. मी आमच्या मुख्याध्यापिका दामिनी मॅडमना म्हटलं, "मॅडम, मी गेलो तर मुलांची एक बाजू दुसऱ्या बाजूला जाता जाता मधेच लटकेल."

मॅडम म्हणाल्या, "सर, मग तुम्ही व्हिडिओ करून ठेवा ना. त्या निमित्ताने आपला टीव्ही तरी बाहेर निघेल."

आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने भिंतीएवढा टीव्ही भेट दिलेला होता. तो मॅडमच्या खोलीत होता. त्याच्यावर शिवणाच्या बाईंनी विणलेलं आच्छादन होतं, आणि पुढे टेबलावर सरस्वतीची मूर्ती. टीव्ही लावायचा तर देवीला हलवावं लागणार, आणि ते कोणी करायचं यावर शिक्षकांच्या बैठकीत एकमत होत नव्हतं. असा तो तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर चालू होता.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असा एक गैरसमज शाळेत आहे. तसं काही नाही. माझं म्हणणं एवढंच की तंत्रज्ञान हे व्याह्यांसारखं असावं. त्यांचं चांगलं चालावं, सणासुदीला भेट व्हावी, पण त्यांनी आपल्या घरी मुक्काम ठोकू नये. वर्ग हे माझं घर. फळ्यावर खडू टेकवला की जो एक बारीक आवाज होतो, त्याने माझ्या अंगात गणित उतरतं. मात्र, खरं सांगायचं तर, एकदा मी मोबाईलवर सरळ रेषेचा आलेख पाहिला. बोटाने ढकलला की रेषा कलते, पुन्हा ढकलला की उभी राहते. चहा गार होईपर्यंत मी तीच रेषा इकडून तिकडे झुलवत बसलो होतो. फळ्यावर मी काढलेली रेषा एकदा काढली की मेलीच. ही जिवंत होती. हे मी शाळेत कोणाला सांगितलं नाही. माणसाला काही अब्रू असते.

तर व्हिडिओ करायचा ठरला, आमच्या शहाद्याच्या घरी, पुढच्या खोलीत. मोबाईल धरायला माझी पत्नी रुचिका. तिचे हात दुखू नयेत म्हणून आम्ही तो कपडे वाळत घालायच्या स्टँडला रबराने बांधला. एवढ्यात शेजारचे किशनलालजी आले. यांचं बाजारात कापडाचं मोठं दुकान आहे आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे कापडाचाच उपाय असतो.

"माट्साब, मागे भिंत दिसते," ते म्हणाले.

"भिंतच आहे, तर भिंत दिसणार."

"चांगलं नाही दिसत. गिऱ्हाईक भिंत बघायला येतं का? थांबा." आणि ते दुकानातून जांभळ्या सॅटिनचा अख्खा तागा घेऊन आले. भिंतीवर तो सोडला, वर चुण्या घातल्या, पुढे घरातला लहान फळा टेकवला, दुकानातले दोन झगझगीत दिवे आणून माझ्या दोन्ही बाजूंना उभे केले आणि मागे सरकून म्हणाले, "बस. अब लग रहा है कुछ!"

काय लागत होतं ते मला दिसत नव्हतं, कारण दिव्यांमुळे मला काहीच दिसत नव्हतं.

मी सुरुवात केली. "तर गाढवांनो, समीकरण म्हणजे..."

"थांबा," रुचिका म्हणाली. "गाढवांनो नको."

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबवलं. "अहो, तुम्ही दर दोन वाक्यांनंतर गाढवांनो म्हणता!"

"ती माझी विरामचिन्हं आहेत."

"वर्गात असतील. इथे समोर मी उभी आहे. आणि जरा हसा."

"समीकरणात हसण्यासारखं काय आहे?"

"तेच म्हणते मी. तुमचा चेहरा बघून मला शाळा सोडावीशी वाटते, मी तर पदवीधर आहे."

मी हसावं म्हणून ती मोबाईलच्या मागे उभी राहून नाही नाही ती तोंडं करू लागली. किशनलालजीही त्यात सामील झाले. साठीच्या पुढच्या त्या सद्गृहस्थाने कान धरून जीभ बाहेर काढल्यावर मला हसू आवरेना. पुढे रुचिकाने मोबाईलवरच काटछाट केली, एकूण एक गाढव वेचून बाहेर काढलं, जिथे मी चिडलो होतो ते सगळं कापलं, आणि जे उरलं त्यात जांभळ्या सॅटिनपुढे उभा राहून एक हसतमुख, शांत, प्रेमळ गृहस्थ कंस सोडवत होता. मी त्याला ओळखलंच नाही. रुचिका मात्र पडद्याकडे बघत म्हणाली, "लग्नाआधी तुम्ही असेच होतात." असे तिने बरेच धडे तयार करून दिले, पेनड्राइव्हमध्ये भरून.

प्रशिक्षणाबद्दल फार सांगत नाही. प्रोजेक्टरला लागणारी वायर आली नव्हती, म्हणून तंत्रज्ञानाचा वापर आम्हाला फळ्यावर शिकवण्यात आला. साधनव्यक्तींनी, म्हणजे आम्हाला शिकवायला आलेल्यांनी, खडूने लॅपटॉपचं चित्र काढलं, त्याला नावं दिली, आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. चित्र सुबक होतं.

परत आलो तो थेट आठवी ब वर. टीव्ही आता तिथेच मुक्कामाला होता. मनात धाकधूक होती. विचारलं, "काय, समजलं का समीकरण?"

"समजनं सर!" अख्खा वर्ग ओरडला.

माझ्या सबंध नोकरीत आठवी ब ला एकदम काही समजल्याचं उदाहरण नाही. त्यांना मधल्या सुट्टीची घंटासुद्धा टप्प्याटप्प्याने समजते. मी फळ्यावर उदाहरण घातलं. सुटलं. अवघड घातलं. तेही सुटलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण कुठेतरी एक खडा टोचत होता. म्हणून मी तो प्रश्न विचारला. "आजवर मी शिकवलं ते समजलं नाही, आणि टीव्हीवर कसं समजलं?"

तेव्हा रक्षा उभी राहिली. ही मुलगी एरवी हजेरीलासुद्धा पुटपुटत 'हजर' म्हणते. ती म्हणाली, "सर, टीव्हीवाला सर जास्त चांगलं शिकाडतस. त्यास्ले थांबाडता येस. पुन्हा सांगा म्हनं तं पुन्हा सांगतस. रागे भरतस नही."

मागून मयंकने भर घातली, "नि ते हासतस!"

दुसरा कोणी शिक्षक असता तर त्याच्या पदव्या काढल्या असत्या, उच्चारांवर शंका घेतली असती. इथे निंदा करायची सोयच नव्हती. जे काही बोललो असतो ते माझ्याच गोपनीय अहवालात गेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःशी स्पर्धा सुरू केली. हसायचं ठरवलं. फळ्याकडून वळताना एकदम मोठं हसू आणलं. मयंकने काळजीने विचारलं, "सर, दात दुखतस का?" गाढवांनो म्हणायचं नाही असं ठरवलं, तर वाक्यं संपेचनात, कारण पूर्णविरामच नव्हता. आणि तास संपत आला की कोणीतरी हळूच म्हणायचं, "सर, आते टीव्ही लावू का? हाई उदाहरन त्या सरस्ना कडथीन देखी लेतस." म्हणजे हे उदाहरण त्या सरांकडून बघून घेतो. मी शिकवलेल्यावर माझीच दुरुस्ती.

गावातही बातमी गेली. मुलांच्या मोबाईलवरून व्हिडिओ घराघरात पोचला होता. आमची शाळा कारखान्याच्या वाटेवर, उसाच्या आणि केळीच्या मधोमध. तिथल्या फाट्यावर चहा प्यायला थांबलो तर कोणा पालकाने विचारलं, "सर, साखरपुडा कोना होता? पडदा मस्त लायेल होता!"

संध्याकाळी मी किशनलालजींकडे मन मोकळं केलं. ते गादीवर बसून कापडाची घडी घालत होते. म्हणाले, "माट्साब, यात वाईट काय वाटायचं? ही तर तुमची ब्रांच आहे. माणसाचा धंदा वाढला की ब्रांच निघतेच."

"अहो, पण गिऱ्हाईक सगळं ब्रांचवर जातंय."

त्यांनी घडी पूर्ण केली, तागा बाजूला ठेवला, आणि धंद्यातल्या माणसाच्या प्रामाणिकपणाने म्हणाले, "तर मग मेन दुकान बंद करावं लागतं."

हा माणूस काहीतरी बोलतो आणि ते खरं होतं. त्याच आठवड्यात मला मॅडमच्या खोलीत बोलावणं आलं. तिथे आमच्या संस्थेचे अध्यक्ष मगनभाई बसले होते. मोठे केळी बागायतदार, पांढरं धोतर, आणि मला लहानपणापासून ओळखतात म्हणून अरेतुरे करतात.

"ये नवनीतभाई! तुन्हा व्हिडिओ मी देखा. एकदम झकास. मन्ही बायकोनी बी देखा. ती म्हने हाऊ नवनीत इतला गोड कधीपासून व्हयना?"

मी संकोचाने मान खाली घातली. स्तुती पुढे कुठे वळणार ते मला दिसायला हवं होतं.

"आते देख," मगनभाई म्हणाले. "आपली डोंगरमधली शाखा शे. तठे गणितले मास्तर नही. जो होता तो बदली करीसन गया. पोरं नुसता बशी ऱ्हायनात. अठे तं तू टीव्हीवर शेच. मंग तू स्वतः तठे जा."

मी दामिनी मॅडमकडे बघितलं. त्या सरस्वतीकडे बघत होत्या. देवी आता खिडकीत होती.

"भाई, पण मी इथला शिक्षक आहे."

"कोन नही म्हनस? अठला बी आनि तठला बी. आमना संस्थामा तू आते दोन शेस."

संस्थेत एक माणूस दोन म्हणून मोजला गेला आणि त्याबद्दल त्याची बदली झाली, असं उदाहरण शिक्षण खात्यातही नसेल. पुढच्या सोमवारपासून मी सातपुड्यात हजर व्हायचं ठरलं. शाखेतल्या मुलांना शिक्षक नाही ही गोष्ट खरी होती, त्यामुळे मला भांडतासुद्धा येईना. अन्याय व्हावा, पण तो न्याय्य नसावा, एवढी तरी माणसाची अपेक्षा असते.

घरी रुचिकाने ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि "तिकडे थंडी असेल" म्हणून माळ्यावरून स्वेटर काढला. किशनलालजींनी एक रजई आणून दिली. मला वाटलं होतं दोघं मिळून काहीतरी हळहळतील. मी रजई मांडीवर घेऊन बसलो आणि आठवी ब चे चेहरे आठवू लागलो. आश्चर्य म्हणजे सगळे आठवले. कोण कंस उघडताना जीभ चावतं, कोण वजाची रेघ भीत भीत लहान काढतं, सगळं. टीव्हीतल्या सरांना हे दिसतं का? एवढ्या एका विचाराने मला जरा धीर आला आणि तेवढ्यात फोन वाजला.

डोंगरातल्या शाखेचे मुख्याध्यापक सुकराम पावरा सर बोलत होते. अत्यंत अदबीचा आवाज. "नमस्कार पाटील सर. आपण आमच्याकडे येणार असं कळलं. फार आनंद झाला. आमच्या मुलांनी आपले व्हिडिओ पाहिले. फारच आवडले."

"वा, वा," मी म्हटलं.

"एक विनंती होती. राग मानू नका. एवढा घाट चढून यायचा आपल्याला त्रास. त्यापेक्षा नुसते व्हिडिओ पाठवलेत तरी आमचं भागेल. मुलांना ते सर हवे आहेत."

"अहो, ते सर मीच आहे!"

"हो, ते कळलं," पावरा सर म्हणाले. "पण संस्थेच्या संमेलनात आपली भेट झाली होती ना."

मला ते संमेलन आठवलं. त्यात मी निबंधाचं परीक्षण केलं होतं, माझ्या विरामचिन्हांसकट. मी फोन ठेवला. आता परिस्थिती अशी होती की खाली मी नको होतो कारण व्हिडिओ होता, आणि वर मी नको होतो कारण मी होतो. रुचिका हसून हसून जमिनीवर बसली. मी विचारलं, यात काय हसण्यासारखं आहे? तर तिने हातानेच, थांबा, मला बोलता येत नाहीये, अशी खूण केली. मग मलाही हसू फुटलं. दोघंही डोळे पुसेपर्यंत हसलो.

शनिवारी शाळेत माझा निरोप समारंभ. पाटील सर जाणार म्हणून की पाटील सर राहणार म्हणून, हे फलक लिहिणाऱ्या चित्रकला शिक्षकांना नीट कळलं नव्हतं. त्यांनी सावधपणे नुसतं 'पाटील सर' एवढंच लिहिलं. मगनभाई शाल-नारळ घेऊन आले. समारंभाआधी त्यांना टीव्हीवरचा एक नवा तास बघायचा होता. आठवी ब चा वर्ग, समोर टीव्ही, पुढच्या बाकावर मगनभाई आणि दामिनी मॅडम, आणि सगळ्यात मागे, मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन, सत्कारमूर्ती.

पडद्यावर सॅटिन झळकलं. तो गृहस्थ हसला. मुलं हसली. त्याने फळ्यावर लिहिलं:

7 − 2(x − 3) = 5

आणि कंस सोडवला:

7 − 2x − 6 = 5

मी ताडकन उठलो. गुडघा बाकाला आपटला. "थांबवा! चूक आहे ते!"

मयंकने व्हिडिओ थांबवला. माझा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठला. वर्गाने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वजा सहा नाही, अधिक सहा हवं," मी म्हटलं.

"पन सर," मयंक म्हणाला, "टीव्हीवाला सर कधी चुकतस नही."

"अरे, तो मीच आहे!"

"मंग तुम्हीच लिखेल शे ना वजा सहा?"

वर्गात कुजबुज सुरू झाली. रक्षा वळून म्हणाली, ते सर किती शांतपणे सांगत आहेत, आणि हे सर ओरडत आहेत, म्हणजे चूक कोणाची? मगनभाईंनी खाकरून निर्णय दिला, "टीव्हीवर दखास तं बरोबरच व्हई." मयंकने हात वर करायला लावून मतं घेतली. माझ्या बाजूने दोन मतं पडली. त्यातलं एक दामिनी मॅडमचं, आणि त्या मराठी शिकवतात.

'गाढवांनो' हा शब्द अगदी माझ्या ओठांपर्यंत आला होता. समोर सबंध वर्ग माझ्याविरुद्ध उभा होता आणि पडद्यावर मी स्वतःच माझी बाजू घ्यायला तयार नव्हतो. पण त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की आठवी ब भांडते आहे. वजाच्या एका रेघेवरून! आजवर ही मुलं माझ्यापुढे हो सर, नाही सर यापलीकडे गेली नव्हती. मी शब्द गिळला.

"ताळा करा," मी म्हटलं. "टीव्हीवाल्या सरांचं उत्तर काढा आणि समीकरणात घालून बघा. पाच आलं तर मी मुकाट्याने डोंगरात जातो."

व्हिडिओ पुढे चालवला. टीव्हीतल्या सरांचं उत्तर आलं वजा दोन. रक्षा फळ्यापाशी गेली. टीव्हीवाल्या सरांवर तिचा इतका विश्वास होता की खडू हातात घेतानाच ती जिंकल्यासारखी दिसत होती. तिने एक्सच्या जागी वजा दोन घातलं. कंसात वजा पाच आलं. त्याला दोनने गुणून सातातून वजा केलं. आले सतरा.

"पुसी टाक, पुन्हा कर," मुलं ओरडली. तिने पुसलं, पुन्हा केलं. सतरा. मयंक गेला, त्याने सावकाश केलं, बोटांवर केलं. सतरा. मग रक्षाने माझ्याकडे न बघता अधिक सहा लिहून समीकरण सोडवलं. उत्तर आलं चार. चार घातलं, तर कंसात एक, दोनदा एक दोन, सातातून दोन गेले.

"पाच!" आणि मग जो गलका उठला तो असा की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत आली. "चुकनात! टीव्हीवाला सर चुकनात!" मुलं बाकावर चढली. मयंक नाचत होता. एक शिक्षक चुकीत सापडल्याचा तो आनंद होता, आणि तो शिक्षक मी होतो, आणि पकडून देणाराही मीच. माझा पराभव झाला की विजय ते मला अजून कळलेलं नाही. मी मात्र त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत होतो.

ती चूक कशी झाली? रेकॉर्डिंगच्या वेळी नेमक्या त्या ओळीवर किशनलालजींचा पाय दिव्याच्या वायरीत अडकला होता. रुचिकाने तो प्रसंग कापला. वजाचं अधिक करायचं भान मात्र त्याच्याबरोबर गेलं ते गेलंच.

गोंधळ निवल्यावर रक्षा अजून फळ्यापाशीच उभी होती. "सर, पन चिन्ह बदलस कसाले?"

का बदलतं! इतकी वर्षं मी 'कंसाबाहेर वजा असलं की आतली चिन्हं बदलतात' असं सांगत आलो, मुलांनी ते लिहून घेतलं, पण का, असं कोणी विचारलं नव्हतं. आणि मी सांगितलंही नव्हतं. मी इकडे तिकडे बघितलं. पुढच्या बाकावर मगनभाई होते.

"भाई," मी म्हटलं, "समजा तुमच्या वखारीतून व्यापाऱ्याने दोन टोपल्या केळी नेल्या. टोपलीत एक्स केळी."

"एक्स कोनती जात शे?"

"कोणतीही. पण पुढे जाऊन त्याने बघितलं, प्रत्येक टोपलीत तीन केळी कच्ची. ती त्याने तुम्हाला परत पाठवली. तुमच्या वखारीत ती सहा केळी वाढतील की घटतील?"

"वाढतीन!" मगनभाई म्हणाले. "परत उनात तं वाढतीनच ना!"

"मग वजा सहा लिहायचं की अधिक सहा?"

मगनभाईंनी हवेत बोटांनी सहा केळी मोजली. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे! अधिक! माले समजनं! नवनीतभाई, माले समजनं!" ते उठून उभे राहिले आणि मुलांकडे वळून त्यांनी सगळा केळीचा व्यवहार पुन्हा एकदा स्वतः समजावून सांगितला, हातवारे करून, व्यापाऱ्याला दोन शिव्या घालून. रक्षा हसत होती. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, जे बघायला मी सकाळी सकाळी बस पकडतो.

"हाई टीव्हीनी कसं नही सांगं?" मगनभाईंनी मला विचारलं.

"त्याला तुम्ही केळीवाले आहात हे माहीत नव्हतं, भाई."

ते पुन्हा बाकावर बसले आणि दामिनी मॅडमना म्हणाले, "मॅडम, याले कोठेच धाडू नका. टीव्ही बी राहू द्या नि हाऊ बी राहू द्या. दोन्हीस्ले भांडू द्या." डोंगरातल्या शाखेसाठी नवा शिक्षक नेमायची जाहिरात लगेच काढायचं त्यांनी कबूल केलं, आणि तोवर दर शनिवारी मी तिकडे जायचं ठरलं. शाल-नारळ आणलेच होते, म्हणून ते मला दिलेच. कशाबद्दल ते कोणी सांगितलं नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. आता आठवी ब ला स्वतःच व्हिडिओ करायचा होता, डोंगरातल्या मुलांसाठी. शिकवणार रक्षा, अहिराणीत, केळीच्या टोपल्या घेऊन. आणि मला काम मिळालं विद्यार्थ्याचं. पहिल्या बाकावर बसून मी वजा सहा लिहायचं, रक्षाने मला पकडायचं. मी रंगात येऊन दुसरीही एक चूक केली. ती ठरलेली नव्हती, पण रक्षाने तीही पकडली आणि मला उभं केलं. मयंकने मोबाईल धरला होता. मी विचारलं, नीट आलं का? तो म्हणाला, "सर, तुम्ही अगदी खरंखुरं चुकनात."

व्हिडिओ वर डोंगरात गेला. पहिल्या शनिवारी मी घाट चढून शाखेत पोचलो तेव्हा पावरा सर फाटकाशी घ्यायला आले होते. मला जरा निरखून त्यांनी म्हटलं, "आपण प्रत्यक्षात बरे आहात." मी ती स्तुती म्हणून घेतली. मुलं आतल्या खोलीत माझी वाट बघत होती. त्यांनी उत्तरादाखल एक व्हिडिओ केला होता, तो मला आधी बघायचा होता.

पडद्यावर एक छोटी मुलगी उभी राहिली. फळ्याऐवजी मागे शाळेची पांढरी भिंत होती आणि हातात कोळसा. तिने एक लांबलचक समीकरण घातलं, दोन कंसांचं, आणि पावरी बोलीत धडाधड शिकवू लागली. समोर बसलेल्या मुलांपैकी एकाने कोळशाने मिशी रंगवली होती, चष्म्यासाठी तारेची दोन कडी नाकावर अडकवली होती, आणि तो दर दोन वाक्यांनंतर उठून काहीतरी चुकीचं बोलायचा. तो कोण ते ओळखायला मला भाषा यायची गरज नव्हती. ती मुलगी त्याला दटावायची, तो खाली बसायचा, सगळी पोरं खिदळायची. मग टोपल्या आल्या, पण केळीच्या नाहीत, मोहाच्या फुलांच्या. कोणीतरी नेल्या, कोणीतरी परत आणल्या, मध्ये एक मोठं भांडण झालं, एक कोंबडी पडद्यावरून आरपार चालत गेली, आणि शेवटी त्या मुलीने भिंतीवर उत्तर लिहून त्याखाली दोन जाड रेघा मारल्या.

पावरा सरांनी हळूच विचारलं, "काही समजलं का, सर?"

मला एक शब्दही समजला नव्हता. मी खिशातून पेन काढलं, तळहातावर ते समीकरण मांडलं, दोन्ही कंस सोडवले, चिन्हं बदलली, ताळा केला. खोलीतली सगळी पोरं माझ्या हाताकडे बघत होती.

उत्तर बरोबर होतं.